यूपीएसच्या गर्दीत दबलेली लिंक : ओपनएनएमएसमधील इव्हेंट आणि अलार्म यांच्या मांडणीचा प्रकरण अभ्यास

जुलै महिन्यातील एका गुरुवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी पश्चिम महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेच्या सर्व शाखांचा मुख्य कार्यालयाशी असलेला संपर्क एकाच क्षणी तुटला. रस्त्याच्या खोदकामात मुख्य कार्यालयाकडे येणारी फायबर केबल तुटल्याचे अर्ध्या तासात कळले. परंतु मुख्य कार्यालयाला दोन वेगवेगळ्या सेवादारांच्या दोन लिंक असताना एक केबल तुटल्याने सगळेच का थांबले, याचे उत्तर मिळायला दुपार उलटली. पहिली लिंक आदल्या रात्री १ वाजून ४० मिनिटांनीच पडलेली होती. जवळजवळ दहा तास बँक एकाच लिंकवर चालत होती आणि हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. महिन्याचा पहिला आठवडा असल्यामुळे शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची गर्दी होती आणि पासबुक हातात घेऊन उभ्या असलेल्या ज्येष्ठांना दुपारपर्यंत ताटकळावे लागले.

बँकेच्या अंतर्गत चौकशीचा पहिला अहवाल तीन पानांचा होता. निरीक्षण प्रणालीने अलार्म दिला होता, रात्रपाळीच्या ऑपरेटरने तो पाहिला नाही, सबब हा मानवी हलगर्जीपणा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर प्रणालीची तांत्रिक तपासणी माझ्याकडे आली. मी प्रथम त्या ऑपरेटरला भेटलो. तो जे बोलला ते मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवले : “सर, यादी मी रात्रभर बघत होतो. पण त्या यादीत बघायचं काय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.” पुढच्या सात आठवड्यांत आम्ही जे काही केले, ते या एका वाक्याला उत्तर देण्यासाठीच होते.

बँकेत ओपनएनएमएस हे मुक्त स्रोत निरीक्षण सॉफ्टवेअर वापरात होते. सॉफ्टवेअर सक्षम आहे आणि या प्रकरणात त्याचा काहीही दोष नाही. त्याच्या रचनेत इव्हेंट, अलार्म आणि नोटिफिकेशन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद धूसर झाला की पुढचे सगळे बिघडते. इव्हेंट म्हणजे नुसती नोंद : एखाद्या उपकरणाने ट्रॅप, म्हणजे स्वतःहून दिलेला इशारा, पाठवला, पोलिंगमध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने केलेल्या विचारणेत, एखादी सेवा मिळाली नाही, कोणी लॉगिन केले, अशी प्रत्येक गोष्ट इव्हेंट होते आणि डेटाबेसमध्ये जाऊन बसते. इव्हेंटच्या व्याख्येत अलार्मचा भाग जोडला, तरच त्यापासून अलार्म तयार होतो. अलार्म म्हणजे चालू असलेली परिस्थिती. एकाच परिस्थितीविषयी शंभर इव्हेंट आले तरी अलार्मची ओळ एकच राहते आणि तिच्यावरचा आकडा वाढत जातो. नोटिफिकेशन म्हणजे त्यासाठी माणसाला पाठवलेला निरोप. या बँकेत गेल्या चार वर्षांत ज्याला जसे सुचले तसे इव्हेंटना अलार्मचे भाग जोडले गेले होते आणि गंभीर पातळीच्या प्रत्येक अलार्मवर पाच अधिकाऱ्यांना ईमेल जात होता. त्या पाचही जणांनी आपापल्या मेलमध्ये नियम लावून ते ईमेल वेगळ्या फोल्डरमध्ये वळवले होते. त्यांना मी दोष देत नाही. एका रात्रीत हजार ईमेल येणारा कोणताही माणूस हेच करील.

त्या रात्री नेमके काय घडले, हे डेटाबेसमधील नोंदींवरून उभे करता आले. वादळी पावसाने १ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास एका भागातील वीज गेली आणि ११ शाखांचे यूपीएस बॅटरीवर गेले. या यूपीएसमधील नेटवर्क कार्ड आरएफसी १६२८ या मानक दस्तऐवजातील एमआयबीप्रमाणे, म्हणजे उपकरणाने कोणती माहिती कशी द्यायची याच्या ठरलेल्या यादीप्रमाणे, ट्रॅप पाठवतात. त्या दस्तऐवजात ‘बॅटरीवर चालू’ या ट्रॅपबद्दल एक वाक्य आहे, जे मांडणी करणाऱ्याने वाचलेले नव्हते : यूपीएस बॅटरीवर असेपर्यंत हा ट्रॅप दर मिनिटाला पुन्हा पाठवला जातो. ११ शाखा, सुमारे २ तास, मिनिटाला १ ट्रॅप, म्हणजे १,३२० इव्हेंट. तरीही बिघडण्यासारखे काही नव्हते, कारण अलार्म ११च व्हायला हवे होते आणि प्रत्येकावरचा आकडा १२० पर्यंत चढायला हवा होता.

तसे झाले नाही, याचे कारण एका ओळीत होते. कोणते इव्हेंट एकाच अलार्ममध्ये मिसळायचे हे ओपनएनएमएस ‘रिडक्शन की’वरून ठरवते. इव्हेंटची ओळख, म्हणजे ज्याला यूईआय म्हणतात ती, नोडचा (निरीक्षणाखालील उपकरणाचा) क्रमांक आणि गरज असल्यास ट्रॅपसोबत आलेले एखादे मूल्य, असे तुकडे जोडून ही की बनते. दोन इव्हेंटची की अक्षरशः सारखी असेल, तर ते एका ओळीत येतात. आधीच्या अभियंत्याने, माहिती हरवू नये या चांगल्या हेतूने, ट्रॅपमधील तिन्ही मूल्ये कीमध्ये घातली होती. ती तीन मूल्ये अशी : बॅटरी आणखी किती मिनिटे टिकेल, बॅटरीवर किती सेकंद झाले, आणि बॅटरी संपत आल्याचा इशारा किती मिनिटे आधी द्यायचा. यातले दुसरे मूल्य दर मिनिटाला बदलणारच. त्यामुळे प्रत्येक ट्रॅपची की निराळी झाली आणि प्रत्येक ट्रॅपचा स्वतंत्र, क्रिटिकल या सर्वांत वरच्या पातळीचा अलार्म झाला. जी सोय गर्दी कमी करण्यासाठी होती, तीच गर्दीचे कारण ठरली.

मुख्य कार्यालयातील राउटरने १ वाजून ४० मिनिटांनी आपल्या पहिल्या लिंकविषयी लिंकडाऊन ट्रॅप पाठवला. तो पोहोचला, त्याचा अलार्म झाला, त्याला मेजर, म्हणजे क्रिटिकलच्या खालची, पातळी मिळाली. ऑपरेटरच्या पडद्यावर नवीनतम ओळ सर्वांत वर आणि एका पानावर पन्नास ओळी अशी मांडणी होती. लिंक एकदाच पडली, म्हणून तिचा इव्हेंट एकदाच आला. त्यानंतर यूपीएसच्या ओळी मिनिटाला अकरा या वेगाने वर येत राहिल्या आणि लिंकची ओळ खाली सरकत गेली. त्या रात्रीची यादी आम्ही पुन्हा मांडून पाहिली, तेव्हा सकाळी ६ वाजता ती ओळ एकविसाव्या पानावर होती. पातळीनुसार क्रम लावून पाहिला तरी क्रिटिकल यूपीएसच्या ओळी मेजरच्या वरच बसत होत्या. वीज ३ वाजून गेल्यावर आली, तरी त्या ओळी गेल्या नाहीत, कारण त्यांना क्लिअर करणारा, म्हणजे परिस्थिती निवळल्याचे सांगून ओळ मिटवणारा, इव्हेंट कोणी लिहिलाच नव्हता. नकाशावर मात्र सर्व काही हिरवे होते : मुख्य राउटरला ‘चालू आहेस का’ असे विचारणारा पिंग दुसऱ्या लिंकवरून व्यवस्थित परत येत होता.

सुधारणेची सुरुवात आम्ही संगणकावर केली नाही. तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना एकत्र बसवून एका लांब वहीत रकाने आखले : काय घडले, कोणी काही करायचे आहे का, नेमके काय करायचे, किती वेळात. ज्या ओळीचा दुसरा रकाना रिकामा राहिला, तिचा अलार्म काढायचा आणि इव्हेंट तेवढा ठेवायचा, असा नियम केला. दोन दुपारी त्यात गेल्या. सुरुवातीला ऑपरेटर गप्प होते. मग बोलू लागले आणि आम्हाला माहीत नसलेल्या अनेक गोष्टी समजल्या. संध्याकाळी सहाला कर्मचारी संगणक बंद करतात तेव्हा प्रत्येक टेबलाच्या स्विच पोर्टचा लिंकडाऊन येत होता. ते ट्रॅप आम्ही स्विचवरच बंद केले आणि फक्त अपलिंकचे, म्हणजे स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टचे, ठेवले. प्रिंटर मोजणारे एक जुने सॉफ्टवेअर चुकीच्या कम्युनिटी स्ट्रिंगने, म्हणजे चुकीच्या परवलीच्या शब्दाने, सर्व उपकरणांना विचारणा करत होते, म्हणून ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’चे अलार्म दिवसभर पडत होते; तिथे अलार्म न काढता ते सॉफ्टवेअर दुरुस्त केले, कारण खऱ्या घुसखोरीच्या वेळी हाच ट्रॅप उपयोगी पडणार होता.

यूपीएसच्या बाबतीत आम्हाला दोनदा मागे यावे लागले. पहिला उपाय सरळ होता : रिडक्शन कीमधून तिन्ही मूल्ये काढून केवळ यूईआय आणि नोड क्रमांक ठेवणे. त्याने शाखेमागे एक ओळ झाली. मग क्लिअरचा प्रश्न आला. आरएफसी १६२८ मध्ये ‘बॅटरीवरून परत मुख्य विजेवर’ असा स्वतंत्र ट्रॅप नाही. यूपीएसच्या अंतर्गत तक्त्यातून एखादी तक्रार काढली गेल्याचा एक सर्वसाधारण ट्रॅप आहे, आणि कोणती तक्रार निघाली हे त्याच्या दुसऱ्या मूल्यात असते. ते मूल्य १.३.६.१.२.१.३३.१.६.३.२ असेल, तरच ती ‘बॅटरीवर’ ही तक्रार. या मूल्याची चाळणी लावून आम्ही दुसरा इव्हेंट लिहिला, त्याला अलार्मचा प्रकार २, म्हणजे निवारणाचा, दिला आणि त्याची क्लिअर की मूळ अलार्मच्या रिडक्शन कीशी अक्षर न् अक्षर जुळवली. चाचणीच्या टेबलावर हे उत्तम चालले.

प्रत्यक्षात मात्र चालले नाही. वीज तासन् तास गेली की बॅटरी संपते, यूपीएस आणि राउटर दोन्ही बंद होतात, आणि वीज परत येते तेव्हा यूपीएस नव्याने सुरू होतो. मधल्या तक्त्याची त्याला आठवण नसते, म्हणून तक्रार काढल्याचा ट्रॅप तो पाठवतच नाही. शिवाय ट्रॅप यूडीपीवरून जातात. पोचपावती नसते आणि वाटेत हरवला तर हरवलाच. अशा रीतीने एका शाखेचा अलार्म वीज आल्यावरही चार दिवस पेटलेला राहिला, आणि ऑपरेटर त्याकडे दुर्लक्ष करायला शिकू लागले. पेटलेला पण खोटा अलार्म हा नसलेल्या अलार्मपेक्षा घातक असतो, कारण तो माणसाची सवय बिघडवतो. म्हणून आम्ही तत्त्वच बदलले : ट्रॅप फक्त इव्हेंट म्हणून नोंदवायचा आणि अलार्म मात्र पोलिंगवर उभा करायचा. यूपीएसला दर पाच मिनिटांनी विचारायचे की तुझे आउटपुट कुठून चालले आहे. हे मूल्य एमआयबीमध्ये सात प्रकारचे असते. ३ म्हणजे सामान्य, ५ म्हणजे बॅटरी. उत्तर ३ असेल तर सेवा चालू, अन्यथा बंद, अशी अट मी लिहिली.

ही माझी चूक होती, आणि ती तिसऱ्याच दिवशी उघड झाली. ऊसपट्ट्यातील एका शाखेचा अलार्म रोज दुपारी पडायचा आणि संध्याकाळी जायचा. शाखाधिकारी फोनवर म्हणाले, “साहेब, लाईट तर गेलेली नाही. पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, एवढंच.” यूपीएसचे उत्तर तपासले तर ६ येत होते, म्हणजे बूस्टर : वीज आहे, पण दाब कमी असल्याने यूपीएस तो वाढवून देत आहे. तिथे कोणी काही करण्यासारखे नव्हते. अट बदलून ‘उत्तर ५ नसावे’ अशी केली, आणि ६ व ७ (७ म्हणजे दाब जास्त असल्याने यूपीएस तो कमी करून देत आहे) या उत्तरांची नोंद वीज वितरण कंपनीकडे महिन्याच्या महिन्याला पाठवायच्या तक्त्यात टाकली. पोलिंगची सेवा गेली आणि आली हे दोन्ही इव्हेंट ओपनएनएमएस स्वतःच तयार करते व एकमेकांना क्लिअर करते, त्यामुळे अडकून राहिलेल्या ओळींचा प्रश्न त्याच दिवशी मिटला.

एक फायदा आम्हाला आधी दिसला नव्हता. शाखेचा नोड डाऊन झाला आणि त्याआधी त्याच शाखेची ‘बॅटरीवर’ ही ओळ असली, तर कारण बहुधा वीज आहे आणि फोन शाखाधिकाऱ्याला करायचा. ती ओळ नसली तर फोन सेवादाराला करायचा. पूर्वी प्रत्येक वेळी आधी सेवादाराकडे तिकीट लागायचे आणि तिकडून “तुमच्याकडे पॉवर आहे का बघा” असे उत्तर यायचे. आता ही सूचना ऑपरेटरच्या अलार्मच्या मजकुरातच दोन ओळींत लिहिलेली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मुख्य कार्यालयाच्या लिंककडे, येतो. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत खोल चूक पातळी ठरवण्यात होती. जुन्या तक्त्यात पातळी ही ‘आत्ता किती ग्राहकांना त्रास होतो’ यावरून दिलेली होती. दोनपैकी एक लिंक पडली तर आत्ता कोणालाच त्रास होत नाही, म्हणून मेजर. एका शाखेत वीज गेली तर एका शाखेला त्रास होऊ शकतो, म्हणून क्रिटिकल. परंतु पहिली लिंक पडते तेव्हा बँकेजवळचे शेवटचे संरक्षण संपलेले असते, आणि काही करता येण्याची वेळही तीच असते. दुसरी पडल्यावर पडद्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही, फोन आपोआप वाजू लागतात. म्हणून मुख्य कार्यालयातील कोणत्याही जोडीतील एक गेले, मग ती लिंक असो, फायरवॉल असो किंवा कोअर स्विचचा वीजपुरवठा, की त्याला क्रिटिकल पातळी दिली. याउलट शाखेची वीज वॉर्निंग या बऱ्याच खालच्या पातळीवर आणली.

त्याबरोबर प्रत्येक लिंक स्वतंत्रपणे तपासणे भाग होते. राउटरच्या पत्त्याला केलेला पिंग कोणत्याही वाटेने पोहोचतो, त्यामुळे त्याने लिंकविषयी काही सिद्ध होत नाही. आम्ही दोन्ही सेवादारांच्या टोकाचे पत्ते घेतले, प्रत्येक पत्त्याकडे जाणारा मार्ग त्या त्या लिंकवरच बांधून ठेवला आणि ते दोन वेगळे नोड म्हणून नोंदवले. आता लिंकडाऊन ट्रॅप हरवला किंवा सेवादाराच्या आतल्या भागात बिघाड होऊन आमच्याकडचे पोर्ट चालूच राहिले, तरी पोलिंगला ते कळते.

शाखांसाठी पाथ आउटेजची सोयही सुरू केली. प्रत्येक शाखेच्या नोडला मुख्य कार्यालयाचा राउटर हा त्याचा मार्ग म्हणून सांगितला. तो मार्गच बंद असेल तर शाखांच्या आउटेजची नोंद होते, पण त्यांचे निरोप दाबले जातात आणि मूळ कारणाचा एकच निरोप जातो. नोटिफिकेशनच्या पहिल्या निरोपाआधी शाखांसाठी पाच मिनिटांचा विलंब ठेवला, कारण लिंक पडून दोन मिनिटांत परत येणे पावसाळ्यात रोजचेच आहे. तेवढ्या वेळात नोड परत आला तर निरोप जातच नाही. मुख्य कार्यालयासाठी विलंब शून्य ठेवला. लिंकच्या वापराचा थ्रेशोल्ड, म्हणजे अलार्म पडण्याची मर्यादा, ८५ टक्के, सलग तीन मोजण्या, आणि ७० टक्क्यांखाली आल्यावरच पुन्हा सज्ज, असा केला. पूर्वी एकाच आकड्यावर तो दिवसभर चालू-बंद होत असे.

शेवटचा मुद्दा शांततेचा. गर्दी कमी केली की यादी तासन् तास रिकामी राहते, आणि रिकामी यादी म्हणजे सर्व ठीक आहे की प्रणालीच बंद पडली आहे, हे ऑपरेटरला कळायला हवे. हा काल्पनिक धोका नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात अलार्मची प्रणाली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर मुकी झाली. तासाहून अधिक काळ ऑपरेटरांना ते समजले नाही, एकामागून एक वाहिन्या पडत गेल्या आणि त्या दिवशी अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. आमच्याकडे आता एक वेगळा, साधा संगणक दर पाच मिनिटांनी ओपनएनएमएसला विचारणा करतो आणि उत्तर न आल्यास स्वतःच्या मोडेममधून एसएमएस पाठवतो. शिवाय प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना, मुख्य कार्यालयाच्या एका लिंकची केबल हाताने काढली जाते आणि अलार्म दिसायला किती वेळ लागला ते वहीत लिहिले जाते. पहिल्या चाचणीत सहा मिनिटे लागली. त्या दोन नोडचे पोलिंग मिनिटावर आणल्यावर दीड मिनिट लागले.

यंदाच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या वादळाच्या रात्री १४ शाखांची वीज गेली. पहाटे यादीत सतरा ओळी होत्या : चौदा वॉर्निंग, दोन शाखांचे नोड डाऊन, आणि सर्वांत वर, लाल रंगात, मुख्य कार्यालयाची दुसरी लिंक. रात्रपाळीला तोच ऑपरेटर होता. २ वाजून ३१ मिनिटांनी अलार्म पडला, २ वाजून ३६ मिनिटांनी त्याने तो स्वतःच्या नावावर घेतला आणि २ वाजून ४० मिनिटांनी सेवादाराकडे तिकीट लागले. पावणेसहाला लिंक परत आली. गेल्या जुलैच्या अहवालावरून त्याच्या सेवापुस्तकात पडलेला हलगर्जीपणाचा शेरा मात्र अजून तसाच आहे. तो काढावा असा अर्ज मी व्यवस्थापनाकडे केला असून, हे टिपण त्या अर्जाला जोडण्यासाठी लिहिले आहे.